आणेल तो, पण थांबेल का?

लॅब्रेडॉर म्हटलं की काय आठवतं? सोफ्यावर लोळणारा, पोळीकडे बघून लाळ गाळणारा गुबगुबीत गोळा! पण बॉस, याचं पूर्ण नाव लॅब्रेडॉर रिट्रीव्हर. रिट्रीव्हर म्हणजे पडलेली शिकार शोधून आणणारा. पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे साथीदार. जात घडली ब्रिटनमध्ये, तिथल्या केनेल क्लबची मान्यता मिळाली १९०३ साली.

मी अमेरिकेत, मिनेसोटात प्रोजेक्टवर होतो तेव्हा माझ्या टीम लीडकडे मर्फी नावाचा काळा लॅब होता. तिथे बदकांचा सीझन सप्टेंबरअखेरीस सुरू होतो, पण कुत्र्याची तयारी वर्षभर. शिकार मला पटत नाही. तरी दर शनिवारी जायचो, मर्फीचं ट्रेनिंग बघायला. (आणि नंतरच्या पॅनकेक्ससाठीही!)

पहिला धडा घरातल्या पॅसेजमध्ये. सगळी दारं बंद करायची आणि मोज्याचा बोळा फेकायचा. पिल्लू तो उचलतं आणि परतीचा रस्ता एकच, तुमच्याकडे. तीन-चार वेळा, बस्स. त्याला अजून हवं असतानाच खेळ बंद. तोंडातली वस्तू कधीच ओढायची नाही, नाहीतर पुढे ते बदकही दातांत आवळून धरतं. मग कॅनव्हासची डमी, तिच्यावर बांधलेले बदकाचे पंख, उथळ पाणी, असं एकेक पाऊल पुढे.

बंदुकीच्या आवाजाचं काम सगळ्यात नाजूक. पिल्लू डमीमागे धावत असताना लांबून टिकल्यांच्या पिस्तुलाचा आवाज करायचा. शेपूट हलत राहिली तर पुढच्या वेळी थोडं जवळून. दचकलं, की पुन्हा लांब. घाई केली तर कुत्रं आवाजाला कायमचं घाबरून बसतं.

पण खरी परीक्षा आणण्याची नाही, थांबण्याची! डमी हवेत उडते, पाण्यात धप्पकन पडते आणि मर्फी नुसता बसून. अंग थरथरतंय, घशातून बारीक कुंई, पण नाव पुकारेपर्यंत हलायचं नाही. आधीच झेपावलेलं कुत्रं गोळीच्या वाटेत येऊ शकतं. शिवाय बदक नेमकं कुठे पडलं, हे बसल्या जागेवरून नीट टिपता येतं. पडताना दिसलंच नसेल, तर शिट्टी वाजते. मर्फी पोहता पोहता वळून मालकाकडे बघतो. हात डावीकडे, की स्वारी डावीकडे. सॉलिड!

एवढा खटाटोप कशाला? जखमी बदक लव्हाळ्यात शिरलं तर माणसाला सापडणं मुश्कील. ते तिथेच तडफडत मरतं. म्हणून टीम लीडचा नियम होता, मर्फी बरोबर नसेल तर बंदूक घरीच. शिकार न पटणाऱ्या मलाही हा नियम पटला.

आपल्याकडे बदकांची शिकार कायद्याने बंद आहे, आणि ते छानच आहे. पण मोजा आणि पॅसेज तुमच्या वनबीएचकेतही आहेच की! आणि दिवाळीत पलंगाखाली शिरणाऱ्या तुमच्या लॅबसाठी तीच आवाजाची युक्ती. फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी बारीक लावा, सोबत आवडता खाऊ द्या. दचकला तर आवाज आणखी कमी. फक्त सुरुवात गणपतीच्या आधीच करा.