बोल कापले, गाणं गाजलं!

नव्वदच्या दशकात युरोपभरचे डिस्को दणाणून सोडणाऱ्या 'टू अनलिमिटेड' या जोडीत गाणारे दोघं नेदरलँड्सचे, पण चाली रचणारे दोघं बेल्जियमचे. ज्याँ-पॉल द कॉस्टर आणि फिल वाइल्ड हे निर्माते पडद्याआड, तर रे स्लाइनगार्ड आणि अनिता डॉथ कॅमेऱ्यासमोर.

गंमत म्हणजे त्यांच्या 'गेट रेडी फॉर धिस' या गाण्याची धून आधीच तयार होती. निर्मात्यांना रेकडून हवा होता रॅप. या पठ्ठ्यानं तो लिहिलाच, वर अनिताचा आवाजही त्यात घातला. निर्माते खूश! दोघांनाही करारबद्ध केलं.

पण 1991 मध्ये हे गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं, ते रेच्या रॅपला फाटा देऊनच! तिथल्या रेकॉर्ड कंपनीला नुसती धूनच पुरेशी वाटली. 1993 मध्ये 'नो लिमिट' आलं, पाच आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसलं. तिथेही रॅपवर कात्री चाललीच. उरलं काय? तेच ते चार शब्द, पुन्हा पुन्हा. मग 'स्पिटिंग इमेज' या बाहुल्यांच्या टवाळखोर कार्यक्रमानं 'नो लिरिक्स' नावाचं विडंबन करून जोडीची यथेच्छ खिल्ली उडवली. कात्री कंपनीची आणि हसं मात्र गाणाऱ्यांचं. हा शुद्ध अन्याय!

अमेरिकेत तर न्यारीच तऱ्हा. 'गेट रेडी फॉर धिस'ला खरं घर मिळालं ते बास्केटबॉल आणि आइस हॉकीच्या मैदानांत. खेळाडू आत येताना ती धून वाजते, प्रेक्षक उठून टाळ्या पिटतात. गाणाऱ्यांची नावं विचारा, बहुतेकांना सांगता यायची नाहीत.

1996 मध्ये जोडी फुटली. 1998 मध्ये निर्मात्यांनी त्याच नावानं दोन नव्या गायिका उभ्या केल्या, रॅपर पुरुष गायब. वर्षभरातच प्रकरण गुंडाळलं. पाटी तीच ठेवून माणसं बदलली की असंच व्हायचं. पुढे 2012 मध्ये रे आणि अनिता त्याच नावानं पुन्हा एकत्र आले, 2016 मध्ये अनिता बाहेर पडली आणि तिच्या जागी किम फरगौवन आली.

'नो लिमिट' ऐकायचंच असेल, तर ब्रिटिश आवृत्ती सोडा. रेच्या रॅपसकटची मूळ आवृत्ती शोधा, आणि आवाज जरा वाढवूनच लावा!