बोरं सोलापूरची, न्हाण निघोजेत

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत निघोजे, कुरुळी, चाकण पट्ट्यातल्या सोसायट्यांमध्ये आता बोरन्हाणांची रीघ लागते. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पोराला पाटावर बसवायचं, औक्षण करायचं आणि डोक्यावरून बोरं, उसाची कांडकी, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे ओतायचे. भोवतीची मुलं लूट करायला टपलेलीच असतात. क्लब हाऊसमध्ये दहा-बारा बाळांचं एकत्र न्हाणही होतं.

जुन्या गावाला या सोहळ्याचं फारसं अप्रूप नव्हतं. बोरन्हाण हौसेनं व्हायचं ते मुख्यतः पुण्याच्या पेठांमधल्या घरांत. इंद्रायणीकाठच्या शेतकऱ्याकडे संक्रांतीच्या सुगडात ओंब्या, गाजर, घाटे यांच्यासोबत चार बोरं पडली की झालं. बांधावरची गावठी बोर कुणी लावलेली नसायची, तिला पाणीही कुणी घातलेलं नसायचं. पोरं दगड मारून किंवा काठीनं झोडपून बोरं पाडायची, काटे ओरबाडून घ्यायची आणि खोकत घरी यायची. उरलेली बोरं वाळवून बोरकूट. फुकट मिळणाऱ्या वस्तूचा समारंभ कोण कशाला करील?

खरं तर या फळाचा आणि पुणे जिल्ह्याचा संबंध फार जुना. शेजारच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथं उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. जळून कोळसा झालेल्या धान्यांबरोबर तिथं बोराचे अवशेषही सापडले. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही इथली माणसं बोरं खात होती.

बोराचं नशीब पालटलं ते दुष्काळी भागात. १९९० च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. सोलापूरकडच्या माळरानाला बोरीसारखं दुसरं झाड नाही. ऐन उन्हाळ्यात ती विश्रांती घेते आणि तेव्हाच तिची छाटणी करतात. पावसावर नवी फूट येते, तिच्यावर फुलं धरतात आणि थंडीत फळ हाती येतं. पाण्याची खरी ओढ असते तेव्हा झाड झोपलेलं. गावठी बोरीच्या खुंटावर डोळा भरून उमराण, चेकनटच्या बागा उभ्या राहिल्या. त्यामुळे मार्केट यार्डात येणाऱ्या मोठ्या, चमकदार उमराणचंही मूळ बहुधा गावठीच असतं. हा मान त्या काटेरी झाडाला कुणी देत नाही, ही गोष्ट वेगळी.

इकडे निघोजेचं शिवार औद्योगिक वसाहतीत गेलं. २००९ मध्ये फोक्सवागनचा आणि २०१० मध्ये महिंद्राचा कारखाना या परिसरात सुरू झाला. रस्ते रुंद झाले, बांध गेले, बांधावरच्या बोरी गेल्या. कारखान्यांमागोमाग मराठवाडा-विदर्भातून नोकरदार कुटुंबं आली. घर लहान, आजी-आजोबा गावाकडे आणि शेजार नवा. अशा वेळी हळदीकुंकवाला जोडून लेकराचं बोरन्हाण करणं हा ओळखी वाढवायचा सोपा मार्ग ठरला. जुन्या रीतीचं बाजारीकरण झालं म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. सण इथं वाढला तो परगावाहून आलेल्यांनी वाढवला, आणि ज्याची झाडं गेली त्या फळाची आठवण वर्षातून एकदा तरी त्यांनीच करून दिली.

तक्रार करायचीच तर ओतल्या जाणाऱ्या मिश्रणाची करावी. त्यात दरवर्षी गोळ्या, चॉकलेटं, बिस्किटं वाढतात आणि बोरं नावापुरती उरतात. गेल्या दशकात आलेलं थायलंडकडचं ॲपल बोर तर डोक्यात पडलं की लागतंच! गोलमटोल, आंबटगोड चण्यामण्या या कामाला उत्तम, पण ती मुद्दाम शोधावी लागतात. लूट सुरू झाली की मुलांचे हात आधी चॉकलेटांवर जातात आणि बोरं झाडूनं गोळा होतात.

त्यातल्या चार बिया सोसायटीच्या कडेला पेरायला काय हरकत आहे? बोरीचं सोटमूळ खोल जातं, रोप उपटून हलवलेलं तिला सोसत नाही. म्हणून बी जागेवरच पेरावं, खुंट जोमदार झाला की पुढं हवा तो डोळा भरावा. पण समितीपुढं विषय निघाला की काट्यांचा मुद्दा येतो, आणि मादागास्करहून आलेला गुलमोहर एकमतानं मंजूर होतो.