मोटारीच्या स्प्रिंग व अँटी-रोल बारची निवड : ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या रस्त्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
घोडबंदर मार्गावरील गायमुख घाटाची वळणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या रस्त्यांवरील पावसाळी खड्डे मोटारीकडून परस्परविरोधी अपेक्षा करतात. वळणावर कल आवरण्यास सस्पेन्शन ताठर हवे. खड्ड्यांतून चाक जमिनीला धरून राहण्यास ते मऊ हवे. या दोहोंचा मेळ कसा घालावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्प्रिंग :
स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या समप्रमाणात, तर वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे मोटार बुटकी दिसावी म्हणून वेढे कापल्यास स्प्रिंग ताठर होते आणि चाकाला वर जाण्यास उरणारी जागाही घटते. प्रवासी मोटारीची स्वाभाविक वारंवारता सामान्यतः सेकंदास १ ते १.५ आंदोलने असते. ती १ वरून १.५ वर नेण्यास ताठरपणा सव्वादोन पट करावा लागतो. अशा स्प्रिंगला जुने शॉक अ‍ॅब्सॉर्बर आवरू शकत नाहीत. चाक उसळते व पकड सुटते.

अँटी-रोल बार :
हा पोलादी दांडा डाव्या व उजव्या चाकांना जोडतो. दोन्ही चाके एकदम उचलली गेल्यास तो नुसता फिरतो; एकच उचलले गेल्यास पिळला जाऊन विरोध करतो. भरीव बारचा व्यास २० वरून २२ मि.मी. केल्यास हा विरोध सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. मात्र एकाच चाकाला बसलेला खड्ड्याचा धक्का मग जोडीदार चाकालाही जाणवतो. शिवाय केवळ पुढचा बार जाड केल्यास मोटारीचे तोंड वळणाबाहेर सरकू लागते. केवळ मागचा केल्यास मागील भाग बाहेर फेकला जाण्याची शक्यता वाढते. ओल्या रस्त्यावर सामान्य चालकास हा दुसरा दोष सावरणे अधिक कठीण.

निष्कर्ष :
प्रथम झिजलेले रबरी बुश, लिंक व शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलावेत. पुष्कळदा मोटारीचे हरवलेले गुण एवढ्यानेच परत येतात. स्प्रिंग मूळ ताठरपणाच्याच ठेवाव्यात. त्यानंतरही कल खटकत असेल, तरच बारचा विचार करावा व फरक अल्प ठेवावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरबदलांवर मर्यादा घालते, हेही ध्यानात घ्यावे. आपल्या रस्त्यांवर मोटार किती कमी कलते यापेक्षा भर पावसात तिची चारही चाके जमिनीवर टिकतात की नाही, हीच निवडीची खरी कसोटी होय.