तारेखालचा आंबा

आमच्या बार्शीच्या घराची रचना जुन्या व्यापारी घरांसारखीच आहे. रस्त्याकडे दुकान, मागे राहते घर आणि त्यामागे परसदार. तेथे वडिलांनी १९८४ साली आंब्याचे रोप लावले, तेव्हा माथ्यावर मोकळे आकाश होते. विजेच्या तारा काही वर्षांनी भिंतीलगत आल्या. बँकेतील नोकरी संपवून मी घरी परतलो, तोवर झाडाचा शेंडा तारांना भिडू लागला होता.

फांद्या छाटण्याचा विषय काढला की आई म्हणे, “अरे, हिरव्या झाडावर कोयता चालवायचा? त्यातही जीव आहे.” तिचे मन मोडवेना आणि मलाही निमित्त हवेच होते. अशी तीन वर्षे गेली. गेल्या वैशाखात वाऱ्याबरोबर शेंड्याशी ठिणग्या उडू लागल्या, घरातील दिवे लुकलुकू लागले आणि तारेजवळची पाने करपली. घाबरून मी नाक्यावरून एक तरुण मजूर बोलावला. मजुरी चारशे रुपये ठरली. ॲल्युमिनियमची शिडी आणि लांब काठीला बांधलेला लोखंडी कोयता घेऊन तो वर चढू लागला.

शेजारी वीज खात्यातून निवृत्त झालेले एक लाइनमन राहतात. त्यांनी कुंपणापलीकडून ओरडून त्याला खाली उतरवले. मग मला म्हणाले, “साहेब, फांदीचा विचार तुम्ही तीन वर्षे केलात. या पोराचा घटकाभर तरी करायचा होता.”

मला उत्तर सुचले नाही. झाडाच्या जीवाविषयी हळवे असलेल्या आमच्या घराने एका माणसाचा जीव चारशे रुपयांत धोक्यात घातला होता, आणि ते कोणाच्या ध्यानातही आले नव्हते.

नंतर त्यांनीच सारे समजावून सांगितले. खांबावरच्या उघड्या तारांवर रबराचे आवरण नसते. खांबापासून त्यांना अलग ठेवतात ती केवळ चिनी मातीची चिमणी. ओल्या लाकडातून वीज वाहते, म्हणून तारेला टेकलेली हिरवी फांदी हीही एक तारच समजावी. पावसात तर अधिकच. घरगुती वीज २३० व्होल्टची असते. साठ वॅटच्या दिव्यातून जेवढा प्रवाह जातो, त्याचा पाचवा हिस्साही माणसाला प्राणघातक ठरू शकतो. ११,००० व्होल्टच्या उच्चदाब वाहिनीच्या फार जवळ गेल्यास स्पर्शाविनाही ठिणगी झेप घेऊ शकते. शिवाय घरातील मुख्य बटण बंद केल्याने खांबावरची तार बंद होत नाही. ती बंद करणे वीज कंपनीच्याच हाती असते.

मग आम्ही रीतसर मार्ग धरला. शहरी भागातील झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, म्हणून आधी नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला. वीज कंपनीकडे लेखी मागणी केली. ठरल्या दिवशी कर्मचाऱ्यांनी पुरवठा बंद केला, तार खरोखर निर्जीव असल्याची तपासणी केली, तिला भूमीशी जोडले आणि मगच कोयत्याला हात लावला.

छाटणीचेही शास्त्र आहे. शेंडा सरसकट उडवला, तर तेथून कमकुवत धुमाऱ्यांचा झुबका फुटतो आणि लवकरच तारेला भिडतो. म्हणून तारेकडे जाणारी फांदी, दुसऱ्या दिशेला वळलेल्या उपफांदीच्या बेचक्याशी कापावी. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे किंचित फुगीर कडे असते. ते न दुखावता त्याबाहेर काप घ्यावा, कारण जखम तेथूनच भरून येते. जाड फांदीला आधी खालून अर्धवट छेद द्यावा, म्हणजे ती तुटताना खोडाची साल सोलत नाही.

छाटणीपूर्वी आईच्या आग्रहावरून सर्वांनी झाड नीट न्याहाळले. आतल्या फांदीवर कावळ्याचे घरटे होते. ती फांदी तारेपासून दूर असल्याने तशीच ठेवली.

कर्जाचे हप्ते वेळेवर न भरणाऱ्यांना मी आयुष्यभर नोटिसा पाठवल्या. घरातली ही थकबाकी मात्र मला दिसली नाही. फांदी बोटाएवढी असताना वळवली असती, तर झाडाला एवढी मोठी जखम झालीच नसती. आता दिवाळीनंतर, घरटी फारशी नसतात तेव्हा, मी दरवर्षी परसात जाऊन वर पाहतो. फांदी तारेकडे झुकताना दिसली, की काम त्या खात्याच्या माणसांकडेच सोपवतो. तार तुटून पडली किंवा फांदी पेटली, तर जवळ जाऊ नये, पाणी मारू नये. १९१२ या क्रमांकावर कळवावे आणि इतरांनाही दूर ठेवावे.

त्या तरुणाला त्या दिवशी पूर्ण मजुरी दिली. यंदा आंबे उतरल्यावर पहिली पाटी आईने त्याच्या घरी पाठवली.