फ्लू, घर आणि ‘आदला दिवस’

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं फ्लूवर काय बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. पण या आजारातली एक गोष्ट आम्हाला अगदी आमच्या विषयातली वाटते. फ्लू झालेला माणूस ताप-खोकला सुरू व्हायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच तो दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणजे बघा, ‘मला बरं नाही, मी जरा लांब बसतो’ हे शहाणपण एक दिवस उशिराच येतं! मग जे कळायच्या आधीच करायला हवं, ते करायचं कसं? सवयीनं. सद्‌गुण सवयीनं अंगी येतो, असं अ‍ॅरिस्टॉटल म्हणायचा. खोकताना तोंडाशी कोपर नेणं हेही त्यातच आलं. बाहेरून आल्यावर साबणानं वीस सेकंद हात धुणंही. पावसाळ्यात आपण खिडक्या गच्च लावून बसतो, आणि आपल्याकडे फ्लू नेमका तेव्हा वाढतो, पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये. तेव्हा पाऊस आत येत नसेल त्या बाजूची तरी खिडकी उघडी ठेवावी.

आता ताप आलाच, तर? ‘वेगळ्या खोलीत ठेवा’ हे सांगायला सोपं. दोन खोल्यांत पाच माणसं असली तर कुठली वेगळी खोली? अशा वेळी आजाऱ्याचं अंथरूण खिडकीशी घालावं, बाकीच्यांनी होईल तितकं लांब झोपावं. मास्क आजाऱ्यानं लावावा, जवळ जाणाऱ्यानंही. शुश्रूषा एकानंच करावी. आणि ते माणूस म्हणजे आजी-आजोबा किंवा गरोदर सून नको, कारण फ्लू त्यांनाच जास्त जड जातो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर लसही देता येत नाही, त्याला लांबच ठेवावं. मोबाइल, रिमोट, दाराची कडी पुसून घ्यावी. असल्या कडक, गुळगुळीत वस्तूंवर हा विषाणू दिवस-दोन दिवस तग धरू शकतो.

काढा प्या, वाफ घ्या, घशाला बरं वाटतं. पण त्यानं दुसऱ्याला होणारी लागण थांबत नाही. अँटिबायोटिक तर विषाणूवर चालतच नाही. लस मात्र दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलत राहतो. अंगात संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून ती पावसाळ्याआधी घेतलेली बरी.

खरी अडचण वेगळीच आहे, बरं का. घरात आजारी पडायची मुभा कुणाला असते? मुलाला ताप आला की शाळा बुडते, साहेबांना आला की रजा टाकतात. घरची बाई मात्र पॅरासिटामॉल घेऊन ओट्याशी उभी! दुखणं अंगावर काढणं याला आपण कौतुकानं सोशिकपणा म्हणतो. गोळीनं ताप उतरतो, विषाणू जात नाही. सगळ्यांची ताटं तिच्याच हातून वाढली जातात. गोळी न घेता चोवीस तास ताप आला नाही, तर तिनं उठावं, आणि त्यानंतरही काही दिवस मास्क ठेवावा. धाप लागली, छातीत दुखलं, गुंगी आली, तर घरगुती उपाय बंद, तडक दवाखाना. वय झालेल्यांनी, मधुमेह-दमा असणाऱ्यांनी तर पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टर गाठावा, कारण फ्लूवरच्या औषधाचा उपयोग लवकर घेतलं तरच चांगला होतो. आणि तोवर चार दिवस डबा लावावा, नाहीतर घरातल्या पुरुषांनी कुकर लावायला शिकावं.