सहीने गेलेला देश

एखादं राज्य बुडतं म्हणजे नेमकं काय होतं? तोफा धडाडतात, तट कोसळतात, राजा पळतो नाहीतर मारला जातो. आपल्या डोळ्यांपुढे असंच काहीतरी येतं. पण २२ ऑगस्ट १९१० रोजी कोरियाचं अख्खं साम्राज्य संपलं ते सोल शहरातल्या एका सरकारी निवासस्थानात. दोन माणसं समोरासमोर बसली, कागद पुढे आला, सह्या झाल्या. १३९२ पासून चालत आलेलं राजघराणं सत्तेवरून गेलं, आणि शहरातल्या लोकांना त्याचा पत्ता आठवडाभर लागला नाही!

जपानतर्फे सही केली कोरियातले जपानचे सर्वोच्च अधिकारी तेराउची मासाताके यांनी. कोरियातर्फे सही केली त्याच देशाच्या पंतप्रधानाने. त्यांचं नाव यी वान-योंग. आज कोरियात देशद्रोही म्हटलं की पहिलं नाव येतं ते यांचंच.

आता थोडं मागे, १८९६ सालात या. सोलमध्ये पूर्वी एक दरवाजा होता. चीनच्या बादशहाचा दूत आला की कोरियाचा राजा तिथे त्याच्या स्वागताला जाई. तो दरवाजा आधीच पाडला होता, आता त्या जागी पॅरिसच्या विजयकमानीच्या धर्तीवर दगडी ‘स्वातंत्र्यद्वार’ उभारायचं ठरलं. लोकांनी वर्गणी दिली. २१ नोव्हेंबरला पायाभरणीचा मोठा समारंभ झाला, त्यात परराष्ट्रमंत्र्यांचंही भाषण झालं. कोरियाची माणसं एक झाली तर हा देश अमेरिकेसारखा समर्थ होईल, आपापसात भांडत बसली तर पोलंडसारखी गत होईल, असं त्यांनी बजावलं. पोलंडचे तुकडे शेजाऱ्यांनी वाटून घेतले होते, हे या मंत्र्याला पक्कं ठाऊक होतं.

ते मंत्री होते यी वान-योंग. हो, तेच! स्वातंत्र्यद्वारावरची अक्षरंसुद्धा त्यांच्याच हातची, असं १९२४ मध्ये एका कोरियन वृत्तपत्राने छापलं होतं. काही अभ्यासक ते श्रेय दुसऱ्या एका अधिकाऱ्याला देतात. पण यी वान-योंग नावाजलेले सुलेखनकार होते, याबद्दल दुमत नाही.

असा माणूस चौदा वर्षांत कुठून कुठे गेला? आणि कसा?

त्यांचा जन्म १८५८ चा. लहानपणीच ते एका वजनदार नातेवाइकाच्या घरी दत्तक गेले. १८८२ मध्ये दरबारी परीक्षा उत्तीर्ण झाले. १८८६ मध्ये राजाने परदेशी शिक्षक आणून इंग्रजी शाळा काढली, तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांत ते होते. पुढे कोरियाचा पहिलावहिला वकील वॉशिंग्टनला गेला, तेव्हा त्याच्या पथकात हेही होते. त्या काळात अमेरिका डोळ्यांनी पाहिलेले कोरियन किती असतील? बोटांवर मोजण्याइतके. यी वान-योंग त्यांतले एक.

ऑक्टोबर १८९५ मध्ये जपान्यांनी राजवाड्यात घुसून मिन राणीची हत्या केली. यी वान-योंग अमेरिकन वकिलातीत आश्रयाला गेले. राजा गोजोंग स्वतःच्याच महालात कैद्यासारखा राहू लागला. मग फेब्रुवारी १८९६ मधल्या एका पहाटे दासींच्या बंद पालख्या महालाबाहेर पडल्या. आत राजा आणि युवराज होते! पालख्या थेट रशियन वकिलातीत गेल्या, आणि वर्षभर राजाने तिथूनच राज्य चालवलं. ही सुटका आखणाऱ्यांत यी वान-योंग होते. म्हणजे तेव्हा ते जपानच्या विरोधात उभे होते. आधी अमेरिकेकडे ओढा, मग रशियाचा आधार. यातला धागा दिसतो का? त्या घडीला जो बलवान, त्याच्या सावलीत उभं राहायचं.

पुढे १९०४-०५ च्या युद्धात जपानने रशियाला हरवलं आणि आसपास एकच बलवान उरला.

इथे एक मोठा प्रश्न उभा राहतो. जपानी सैन्य सोलमध्ये होतंच. मग कोरिया सरळ ताब्यात का घेतला नाही? कोरियन मंत्र्यांच्या सह्या कशाला हव्या होत्या? कारण हा कागद कोरियाला दाखवायचा नव्हताच. तो लंडन, वॉशिंग्टन आणि पॅरिसला दाखवायचा होता. त्या काळी बडी राष्ट्रं एकमेकांच्या लुटीकडे काणाडोळा करत, पण ‘ते स्वतःहून आमच्या छत्राखाली आले’ असं लिहिलेलं लागे. बंदूक कितीही मोठी असली तरी असा कागद तिला लिहिता येत नाही. त्यासाठी त्या देशातल्याच कुणाचा तरी हात लागतो. यी वान-योंग यांच्या सगळ्या कहाणीची किल्ली इथे आहे.

१७ नोव्हेंबर १९०५. दोकसुगुंग राजवाड्याची जुंगम्योंगजोन ही विटांची दुमजली इमारत. बाहेर जपानी सैनिकांचा वेढा. आत जपानचे सर्वात मुरलेले मुत्सद्दी इतो हिरोबुमी, सोबत जनरल हासेगावा. समोर कोरियाचं परराष्ट्र धोरण जपानकडे सोपवणारा करार. इतो एकेका मंत्र्याकडे वळून विचारतात : हो की नाही? पंतप्रधान हान ग्यू-सोल ‘नाही’ म्हणतात, त्यांना बाजूच्या खोलीत अडकवलं जातं. आणखी काही जण विरोध करतात. शिक्षणमंत्री यी वान-योंग यांचा युक्तिवाद असा, की आपल्याला हे टाळता येणार नाही, तर निदान शब्द तरी आपल्या सोयीचे करून घेऊ. खरोखरच मसुद्यात फेरफार झाले. चार कलमांत पाचव्याची भर पडली : कोरियन राजघराण्याची प्रतिष्ठा जपान राखील. देशाचं परराष्ट्र धोरण गेलं, बदल्यात राजघराण्याच्या मानाची हमी मिळाली!

आठ मंत्र्यांपैकी पाच अनुकूल ठरले. कोरियाने त्या पाचांना कायमचं देशद्रोही ठरवलं. परराष्ट्रमंत्री पाक जे-सुन यांची सही झाली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. या कराराची मूळ प्रत जवळून पाहिली तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. पहिली ओळ कोरी आहे. शीर्षकच नाही! एका देशाचा आवाज काढून घेणारा दस्तऐवज, आणि त्याला नाव द्यायचं राहून गेलं. आता सम्राट म्हणवणाऱ्या गोजोंग यांचं संमतिपत्रही त्याला जोडलेलं नाही. ही कोरी ओळ लक्षात ठेवा, पुढे ती फार महत्त्वाची ठरली.

सम्राट गोजोंग यांनी हार मानली नाही. १९०७ मध्ये हेग शहरात जागतिक शांतता परिषद भरली, तिथे त्यांनी गुपचूप तीन दूत धाडले. हा करार आम्हाला मान्य नाही, हे जगाला सांगायला. परिषदेने त्यांना दारही उघडलं नाही. का? कोरियाचं परराष्ट्र धोरण कागदोपत्री जपानकडे होतं. १९०५ चा कागद नेमका यासाठीच करून घेतला होता.

तोवर यी वान-योंग सरकारचे प्रमुख झाले होते. सम्राटाने गादी सोडावी, असा तगादा त्यांच्या मंत्रिमंडळानेच लावला. जुलैमध्ये सत्तांतराचा समारंभ झाला, पण जाणारा सम्राट आला नाही आणि येणाराही आला नाही. दोघांच्या जागी खोजे उभे करून विधी उरकण्यात आला. संतापलेल्या लोकांनी यी वान-योंग यांचं घर जाळलं. आठवडाभरात नवा करार झाला, १ ऑगस्टला कोरियन सैन्य मोडीत काढलं गेलं. एका बटालियनच्या प्रमुखाने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि त्याचे शिपाई रस्त्यावर लढले. पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये, स्वातंत्र्यद्वारापासून हाकेच्या अंतरावर एक मोठा तुरुंग सुरू झाला. त्यात स्वातंत्र्यसैनिक डांबले जाऊ लागले.

२६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिन स्टेशनवर आन जुंग-गुन या तरुणाने इतोंना गोळ्या घातल्या. दोन महिन्यांच्या आत यी वान-योंग यांची पाळी आली. बेल्जियमचे राजे लिओपोल्ड वारले होते. त्यांच्यासाठी सोलच्या कॅथेड्रलमध्ये प्रार्थना होती. यी वान-योंग बाहेर पडून रिक्षात बसले आणि यी जे-म्योंग नावाचा तरुण सुरा घेऊन धावून आला. हवाईत मजुरी करून परतलेला मुलगा तो. घाव फुफ्फुसापर्यंत गेला. रिक्षा ओढणारा गरीब माणूस जागीच गेला. पंतप्रधान वाचले, कारण आधुनिक शस्त्रक्रिया करणारं नवं इस्पितळ तोवर सोलमध्ये उभं राहिलं होतं. हल्लेखोर फाशी गेला. यी वान-योंग काही महिन्यांत पुन्हा कामावर आले, ती शेवटची सही करायला.

या शेवटच्या सहीसाठी चक्क चढाओढ लागली होती! जपानधार्जिण्या एका संघटनेने आधीच विलीनीकरणाचा अर्ज केला होता, आणि तिचा कर्ताधर्ता यी वान-योंग यांचा कट्टर प्रतिस्पर्धी होता. ऑगस्ट १९१० मध्ये यी वान-योंग यांनी आपला चिटणीस यी इन-जिक याला जपानी अधिकाऱ्याकडे चाचपणीला पाठवलं. हा चिटणीस कोण? आधुनिक कोरियन कादंबरीचा पाया घालणारा लेखक! मग पंतप्रधान स्वतः तेराउचींकडे गेले. वरकरणी निमित्त, जपानमधल्या पुराबद्दल सहानुभूती व्यक्त करण्याचं. आत घासाघीस कशावर झाली? राजाला कुठली पदवी उरावी, देशाचं नाव काय राहावं, यावर. सार्वभौमत्व जाणार, हे दोन्ही बाजूंनी धरूनच चाललं होतं.

करार आठ कलमांचा आहे, आणि त्याची पहिली दोन कलमं वाचताना एखादं खरेदीखत हातात आल्यासारखं वाटतं. पहिल्या कलमात लिहून देणार : कोरियाचा सम्राट आपले सर्व सार्वभौम हक्क संपूर्णपणे आणि कायमचे जपानच्या सम्राटाला देत आहे. दुसऱ्यात लिहून घेणार : जपानचा सम्राट ते स्वीकारत आहे. अख्खा मुलूख, त्यातली माणसं, डोंगर, नद्या दोन वाक्यांत हस्तांतरित! सह्या २२ ला झाल्या, जाहीर झालं २९ ला. कोरियन माणूस २९ ऑगस्ट हा राष्ट्रीय मानहानीचा दिवस मानतो.

मोबदला? काउंट हा किताब आणि दीड लाख येनचे रोखे. १९१९ मध्ये लाखो कोरियन स्वातंत्र्य मागत निःशस्त्र रस्त्यावर उतरले, तेव्हा यी वान-योंग यांनी वृत्तपत्रांतून त्यांना गप्प बसण्याचे इशारे दिले. १९२० मध्ये ते मार्क्विस झाले. सरकारी कलाप्रदर्शनात सुलेखनाचे परीक्षक म्हणून मिरवले आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये वारले.

गोष्ट इथे संपत नाही. ज्या कागदांसाठी एवढा आटापिटा केला, त्या कागदांनीच पुढे साक्ष फिरवली. यी ते-जिन या इतिहासकाराने ते दस्तऐवज भिंगाखाली घातले. १९०५ च्या करारावरची कोरी ओळ पुढे आली. १९१० च्या घोषणापत्रावर शिक्का आहे, पण गोजोंग यांच्यानंतर गादीवर आलेले सम्राट सुनजोंग यांची स्वतःच्या नावाची सही नाही. जपानी सम्राटाच्या घोषणापत्रावर मात्र सही आणि शिक्का दोन्ही आहेत. म्हणजे कायद्याचं सोंग उभं करायला जे केलं, त्यातल्या फटीच कोरियाच्या हाती शस्त्र म्हणून आल्या. १९६५ मध्ये दोन्ही देशांनी तह करून १९१० पर्यंतचे हे सारे करार रद्दबातल असल्याचं लिहून दिलं. मुळातच रद्द, की नंतर रद्द झाले, यावर सोल आणि तोक्यो आजही भांडतात.

यी वान-योंग यांची कबर वंशजांनीच १९७९ मध्ये उकरून काढली. २००५ मध्ये कोरियाने कायदा केला, की अशा लोकांनी जपानची चाकरी करून मिळवलेली मालमत्ता वंशजांकडून सरकारजमा व्हावी. २००७ मध्ये पहिल्या यादीत ९ नावं लागली, त्यांत त्यांचं होतं. २००९ मध्ये अभ्यासकांनी तीन खंडांचा चरित्रकोश काढला, त्यात जपानला साथ देणाऱ्या ४,३८९ जणांची नोंद आहे.

‘त्यांनी सही केली नसती तर दुसऱ्याने केली असती,’ असं म्हणणारे भेटतात. कदाचित केलीही असती. पण त्या रात्री जुंगम्योंगजोनमध्ये बाजूच्या खोलीत अडकवलेले पंतप्रधान हान ग्यू-सोल आठवा. त्यांच्यापुढे तेच सैनिक होते, तेच इतो होते आणि तोच कागद होता. ते ‘नाही’ म्हणाले. १९१० मध्ये जपानने त्यांना बॅरन हा किताब देऊ केला, तोही त्यांनी नाकारला. ते १९३० पर्यंत जगले. त्यांचं जुनं घर सोलच्या कुकमिन विद्यापीठाच्या आवारात जतन केलेलं आहे. सोलला गेलात तर स्वातंत्र्यद्वार बघाच, पण या घरालाही वाट वाकडी करून जा. नकार देता येत होता, आणि तो देणारा माणूस त्या घरात राहत होता.