आश्रयदाता आणि प्रायोजक



या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा मान संस्थेने मला दिला, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संतसाहित्य किंवा नवकाव्य सोडून शीतपेये आणि क्रीडास्पर्धा यांविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु या विषयाकडे मी एका शब्दाच्या वाटेने आलो. तो शब्द म्हणजे 'प्रायोजक'.

माझ्या पिढीच्या विद्यार्थिदशेत हा शब्द कानावर पडत नसे. देणगीदार होते, आश्रयदाते होते, पुरस्कर्ते होते. १९८४ साली दूरदर्शनवर 'हम लोग' ही मालिका सुरू झाली. तिच्यामागे झटपट शिजणाऱ्या शेवयांचा, म्हणजे मॅगीचा, पैसा होता आणि त्या सुमारास 'प्रायोजित कार्यक्रम' हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचला. पुढे तो क्रीडांगणावर आला आणि तेथे कायमचा राहिला.

वर्गात आपण प्रयोजक क्रियापदे शिकलो आहोत. क्रिया एकाची, ती करविणारा दुसरा, अशी ती रचना. मूल हसते, आई मुलाला हसविते. मूल दूध पिते, आई त्याला दूध पाजते. 'प्रायोजक' हा शब्दही 'प्र' आणि 'युज्' यांच्याच कुळातला आहे. प्रायोजक म्हणजे करविणारा. क्रीडांगणावरील प्रायोजकाचे काम या शब्दाने नेमके सांगितले आहे. धावतो खेळाडू, टाळ्या वाजवितो प्रेक्षक आणि या दोघांच्या मध्ये उभा राहून प्रेक्षकाला काहीतरी पाजतो तो प्रायोजक. ही किमया कशी घडते, तिची किंमत कोण मोजते आणि तिला पर्याय आहे काय, एवढेच आज मांडावयाचे आहे.

राजाश्रयाचा काळ

खेळाला पैसा नेहमीच लागत आला आहे. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी उभे केले. रणजी करंडक पतियाळाच्या महाराजांनी दिला. आपल्या शेजारच्या इंदूरचा होळकर संघ तर आजही जुन्या मंडळींच्या बोलण्यात असतो. यशवंतराव होळकरांच्या आश्रयाखाली कर्नल सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्यासारखे खेळाडू एकत्र आले आणि १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात त्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. ज्या कॅप्टन रूपसिंग यांचे नाव ग्वाल्हेरच्या मैदानाला आहे, ते हॉकीचे थोर खेळाडू शिंद्यांच्याच सैन्यात होते.

हा आश्रय निर्हेतुक होता, असे मी म्हणणार नाही. संस्थानिकाला कीर्ती हवी असे, मान हवा असे. क्वचित त्याला संघाचे नेतृत्वही हवे असे. १९३६ साली विजयानगरमचे महाराजकुमार इंग्लंडच्या दौऱ्यावर भारताचे कर्णधार झाले, ते काही केवळ फलंदाजीच्या बळावर नव्हे. परंतु या व्यवहारात प्रेक्षकाकडे कोणाचे काही मागणे नव्हते. सामना पाहून घरी परतणाऱ्या मुलाने उद्या एखादी वस्तू विकत मागावी, अशी महाराजांची अपेक्षा नसे. संस्थाने विलीन झाली, तसा तो आश्रयही संपला.

नव्या व्यवस्थेचा जन्म

कोका-कोलाचा ऑलिंपिकशी संबंध १९२८ च्या ॲमस्टरडॅम स्पर्धांपासूनचा आहे. मॅकडोनाल्ड्स १९७६ साली आले. फुटबॉलच्या जागतिक महासंघाशी कोका-कोलाचे औपचारिक नाते १९७० च्या दशकात जुळले. मात्र आज आपण पाहतो त्या व्यवस्थेचा खरा पाया घातला गेला तो १९८४ साली, लॉस एंजेलिस येथे.

त्यामागे एक आर्थिक कारण होते. १९७६ च्या ऑलिंपिकने माँट्रियल शहरावर एवढे कर्ज करून ठेवले की, ते फिटायला २००६ साल उजाडले. हा अनुभव पाहून इतर शहरे धास्तावली आणि १९८४ च्या स्पर्धांसाठी अखेरीस एकटे लॉस एंजेलिस उरले. तेथील संयोजक पीटर युबेरॉथ यांनी एक साधा विचार केला. प्रायोजक शेकड्यांनी न घेता मोजकेच घ्यावयाचे. प्रत्येक वस्तुप्रकारात एकच कंपनी ठेवावयाची, आणि त्या एकटेपणाची भरपूर किंमत लावावयाची. स्पर्धा आटोपल्या तेव्हा वीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम शिल्लक होती. दुसऱ्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने याच तत्त्वावर जागतिक भागीदारांची योजना आखली.

त्या स्पर्धांतील एक गोष्ट उद्बोधक आहे. मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेत ग्राहकांना चिठ्ठ्या वाटल्या. चिठ्ठीवरील क्रीडाप्रकारात अमेरिकेला पदक मिळाले की खाद्य फुकट. सुवर्णाला बिग मॅक, रौप्याला बटाट्याच्या तळलेल्या कापांची पुडी, कांस्याला कोका-कोला. सोव्हिएत संघ आणि त्याचे सहकारी देश स्पर्धेत उतरले नाहीत, अमेरिकेने ८३ सुवर्णपदके जिंकली आणि काही दुकानांत बिग मॅक अपुरे पडले. लोक या फजितीला हसले. मला मात्र तिच्यातील योजना अधिक बोलकी वाटते. राष्ट्राचा जयघोष आणि तळलेला पदार्थ एकाच चिठ्ठीवर आले. देशाभिमानाची चव जिभेला लावून देण्यात आली.

प्रायोजक नेमके काय विकत घेतो?

सामान्य समजूत अशी की, कंपनी पैसे देते आणि मैदानावर फलक लावते. प्रत्यक्षात ती तीन गोष्टी घेते. पहिली एकाधिकार. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बटाट्याच्या तळलेल्या कापांवर मॅकडोनाल्ड्सचा असा हक्क होता की, क्रीडास्थळांवरील इतर उपाहारगृहांनी ते मासळीसोबतच विकावेत, नुसते विकू नयेत. इंग्रजांच्या राजधानीत, त्यांच्याच आवडत्या खाद्यावर हा निर्बंध!

दुसरी गोष्ट पुनरावृत्तीची. जाहिरात लागली की आपण उठतो, पाणी पिऊन येतो. सीमारेषेवरचा फलक मात्र चौकार पाहताना चुकविता येत नाही. चेंडूच्या मागे धावणारी दृष्टी त्या नावावरूनच जाते.

तिसरी आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पुण्याईची उसनवारी. खेळाडूने पंधरा-वीस वर्षे पहाटे उठून जी काया कमावलेली असते, तिचे तेज त्या वस्तूवर पडते. मोठ्या माणसाला हा खेळ थोडाफार कळतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला तो कळत नाही. त्याच्या लेखी जो धावा काढतो तो खरा, आणि त्याच्या हातातली बाटलीही खरी. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली मुलांना उद्देशून होणाऱ्या खाद्यप्रचारासंबंधी शिफारशी केल्या आणि त्यांत मुलांवर अशा प्रचाराचा होणारा मारा कमी करावा, असे सुचविले.

आपल्या देशात या व्यवस्थेचे भव्य दर्शन घडले ते १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकात. कोका-कोला १९७७ साली भारत सोडून गेली होती, ती १९९३ साली परतली. पेप्सी त्याआधीच येथे आली होती. विश्वचषकाचे अधिकृत पेय होण्याचा मान कोका-कोलाने मिळविला. पेप्सीने नामांकित खेळाडू हाताशी धरून आपल्यात 'अधिकृत' असे काही नाही, अशी उपहासपूर्ण मोहीम चालविली आणि ती लोकांच्या तोंडी बसली. त्याच स्पर्धेतील भारत-वेस्ट इंडीज सामना २१ फेब्रुवारी १९९६ रोजी ग्वाल्हेरच्या रूपसिंग मैदानावर झाला. साऱ्या स्पर्धेच्या नावातच सिगारेटचे नाव होते: विल्स विश्वचषक. अधिकृत आणि अनधिकृत या भांडणात आपण रमलो. धूर आणि साखर दोन्ही मैदानात शिरली आहेत, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

किंमत कोण मोजतो?

अशा पेयांच्या शंभर मिलिलिटरमध्ये साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. म्हणजे ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार प्रौढाने वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे ५० ग्रॅमच्या आत ठेवावी. २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक बरे. एका डब्यातच ती इष्ट मर्यादा ओलांडली जाते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्या पाहणीत सर्वाधिक प्रमाण गोव्याचे, २६.४ टक्के, आढळले.

याचा सारा दोष शीतपेयांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. बैठे काम, वाढते वय, आनुवंशिकता ही कारणे आहेतच. आपल्या पानातील श्रीखंड आणि जिलबी काही औषध म्हणून केलेली नसतात. परंतु मुरैनाच्या गजकवाल्याने विश्वचषक प्रायोजित केलेला नाही आणि गजक खाल्ल्याने षटकार मारता येतो, असे त्याने कोणत्याही मुलाला सांगितलेले नाही. गोड पदार्थ सणाला येतो आणि सणाबरोबर जातो. अरबट-चरबट खाण्यापिण्याला मात्र क्रीडांगणाने रोजची प्रतिष्ठा दिली. सप्टेंबर २०२५ पासून साखरयुक्त शीतपेयांवर ४० टक्के वस्तू व सेवा कराचा दर आहे. ज्या वस्तूला शासनाने कराच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसविले, तिलाच क्रीडांगणावर मानाचे आसन मिळते, ही विसंगती विचार करावा अशी आहे.

पैसा कोठून येणार?

यावर हमखास विचारला जाणारा प्रश्न असा की, या कंपन्या गेल्या तर खेळ जगेल कसा? इतिहासाने याचे उत्तर दिलेले आहे. भारतीय संघाच्या अंगावरील विल्सचे नाव २००१ साली गेले. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या प्रायोजकत्वाला बंदी झाली. क्रिकेट त्यामुळे दरिद्री झाले नाही; इंडियन प्रीमियर लीगचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने निर्बंध आले, भारतीय संघाचा त्या व्यवसायातील प्रायोजक बाजूला झाला आणि पुढच्याच महिन्यात टायर बनविणारी एक कंपनी त्या जागी आली. मॅकडोनाल्ड्सने २०१७ साली ऑलिंपिकशी असलेला करार मुदतीआधी संपविला, तरी ऑलिंपिक चालूच राहिले.

क्रिकेटची गोष्ट वेगळी, लहान खेळांचे काय, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप रास्त आहे. त्याला ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचे उदाहरण पाहावे. तेथे १९८७ च्या कायद्याने तंबाखूवरील कराच्या पैशातून एक आरोग्यसंस्था उभारली गेली आणि सिगारेट कंपन्यांच्या जागी तिने क्रीडासंघांना पैसा पुरविला. हानिकारक वस्तूवरील कर खेळाकडे वळवावा, ही युक्ती आपल्याला अशक्य नाही. ओडिशा राज्याने २०१८ पासून भारतीय हॉकी संघांचे प्रायोजकत्व घेतले. रूपसिंगांच्या खेळाला पुन्हा एक प्रकारचा राजाश्रय मिळाला, आणि या वेळी तो लोकांच्या राज्याचा होता.

खेळाडूंच्याही हाती काही असते. हैदराबादच्या पुल्लेला गोपीचंद यांनी २००१ साली ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकल्यानंतर शीतपेयाची जाहिरात नाकारली. जे पेय आपण स्वतः पीत नाही ते इतरांना प्या म्हणून सांगणे त्यांना मान्य झाले नाही. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे, तर 'पिणे' आणि 'पाजणे' यांच्यातील अंतर त्यांनी ओळखले. २०२१ च्या जून महिन्यात युरोपीय फुटबॉल स्पर्धेच्या वेळी पत्रकारांपुढे बसलेल्या क्रिस्टियानो रोनाल्डोने समोरच्या कोलाच्या दोन बाटल्या बाजूला सारल्या आणि पाण्याची बाटली उचलून दाखविली. पुढे स्पर्धेच्या चालकांनी संघांना बाटल्या न हलविण्याविषयी बजावले. टेबलावरील बाटलीची जागाही विकलेली असते, हे त्या वेळी जगाला कळले.

आपल्या कुंपणापुरते

श्रोतेहो, ऑलिंपिकच्या करारांवर आपले नियंत्रण नाही. परंतु शाळेच्या कुंपणावर आहे. २०२० साली अधिसूचित झालेल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार, अतिरिक्त साखर, मीठ किंवा स्निग्धांश असलेल्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात शाळेच्या आवारात तसेच फाटकापासून पन्नास मीटरच्या आत करता येत नाही. नियम उत्तम आहे. तो पाळला जातो की नाही, हे पाहणारे डोळे मात्र आपलेच असावे लागतात. क्रीडासंमेलनाचा मंडप, धावफलक, विजेत्यांच्या टोप्या, मधल्या सुट्टीतील मोफत बाटल्या, यांपैकी काहीही 'सहकार्य' म्हणून देऊ करणारा उद्या दारात आला, तर मुख्याध्यापकांनी नकार द्यावा. तो नकार त्यांना परवडावा, ही जबाबदारी मात्र आपण माजी विद्यार्थ्यांनी घेतली पाहिजे.

एका शाळेच्या वार्षिक क्रीडासंमेलनाचा खर्च तो किती? चुना, चेंडू, जाळी, पदके, लिंबूसरबत आणि भुईमुगाच्या दाण्यांचे लाडू. माजी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एकेका वर्षाचा भार उचलला, तरी कित्येक वर्षे कोणाकडे हात पसरावा लागणार नाही. धावफलकावर नाव लिहावयाचेच असेल, तर त्या तुकडीचे साल लिहावे. त्या सालाकडे पाहून कोणत्याही मुलाला काही विकत घ्यावेसे वाटणार नाही. फार तर, आपणही मोठे होऊन असे काही द्यावे, असे त्याच्या मनात येईल. आश्रयदाता तो हाच.